माझ्या पोटातली सुवर्णा

मित्रांनो, मी एक जुना पितळी डबा आहे. जुना म्हटल्यावर लगेच मला शंभर वर्षांचा समजू नका. मला घडवून अजून बारा वर्षेही झालेली नाहीत. पण आजकाल प्लॅस्टिकचे डबे दिवाळीला घरात येतात आणि होळीपर्यंत फुटतात. तिथे बारा वर्षे टिकलेल्या डब्याला म्हाताराच म्हणायचे. शिवाय माझा स्वभाव थोडा कुरकुऱ्या आहे. दोन महिने चिंच लावून घासले नाही की मी काळा पडतो, आणि तो काळेपणा पाहुण्यांच्या नजरेला पडेल असाच बसतो.

माझा जन्म नाशिकच्या भांडीबाजारामागच्या एका छोट्या कारखान्यात झाला. कुणाची फुटकी घागर, कुणाचे चेपलेले पातेले, कुणाची दांडा तुटलेली पळी, अशी पुष्कळ मोड वितळवून माझा पत्रा झाला. मी आधी कोणकोण होतो ते मला आठवत नाही, आणि मला ते कुणी विचारलेही नाही. तांबटाने मला ठोकून ठोकून गोल केले, अंगभर हातोडीची बारीक नक्षी उठवली, आतून कल्हई केली आणि दुकानाच्या फळीवर मांडले. तिथे मी सहा दिवस होतो. सातव्या दिवशी सटाण्याकडचे झुंबरमामा आले. त्यांच्या भाचीचे लग्न होते. त्यांनी मला उचलले, बोटाने वाजवून पाहिले आणि म्हणाले, "हाऊच दे भाऊ. आवाज चांगला शे." म्हणजे मी त्यांना पसंत पडलो.

दुकानातच मशीन घेऊन एक माणूस बसला होता. त्याने माझ्या अंगावर नाव घातले. नाव घालताना फार गुदगुल्या होतात, मित्रांनो. अक्षरे अशी होती : "चि. सौ. कां. सुवर्णा भिकन खैरनार हिस झुंबरमामाकडून सप्रेम भेट." त्या दिवसापासून मी सुवर्णाचा झालो.

लग्नात मला रुखवतात मांडले होते. पोटात बेसनाचे एकवीस लाडू होते आणि झाकणावर लोकरीचा मोर. वरात दिंडोरीकडच्या उगल्यांच्या गावी गेली, तसा मीही टेम्पोत बसून गेलो. दुसऱ्या दिवशी घरात सगळ्या बायका जमल्या. ताटात तांदूळ पसरले. नवरदेव किशोरने अंगठीने त्या तांदळावर बायकोचे नवे नाव लिहिले : संध्या. ते नाव किशोरने निवडलेले नव्हते, त्याच्या आईने, वत्सलाबाईने सुचवले होते. वत्सलाबाईला दोन मुलगे झाले. एक लहानपणीच गेला, राहिला किशोर. मुलगी झाली तर तिचे नाव संध्या ठेवायचे, हे तिने मनात कितीतरी वर्षे धरून ठेवले होते. मुलगी काही झाली नाही. मग सून आली तेव्हा तिने ते जपलेले नाव सुनेला देऊन टाकले. बायकांनी पेढे वाटले. सुवर्णा हसली आणि संध्या झाली. मी तिथेच कोपऱ्यात होतो. माझ्या अंगावरचे नाव मात्र कुणी बदलले नाही. पितळेवरचे नाव तांदळातल्यासारखे पुसता येत नाही.

लाडू संपले. मग मी काही वर्षे तूरडाळ सांभाळली. पण माझे खरे काम नंतर सुरू झाले. संध्याने नर्सिंगचा कोर्स लग्नाआधीच केला होता. तिचे सगळे कागद माहेरच्या नावाचे होते. दहावीचे, बारावीचे, नर्सिंगचे, सगळीकडे सुवर्णा भिकन खैरनार. पावसाळ्यात लोखंडी कपाटाला ओल येते म्हणून तिने एक दिवस डाळ दुसरीकडे ओतली, मला कोरडा पुसला आणि ते सगळे कागद माझ्यात ठेवले. वर दोन लवंगा टाकल्या, कसर लागू नये म्हणून. घराच्या दृष्टीने ती संध्या होती आणि माझ्या पोटात ती सुवर्णा होती. दोन्ही एकाच ओट्याजवळ राहत होत्या आणि कुणाची काही तक्रार नव्हती.

मग वैष्णवी जन्मली. दवाखान्यात जन्माचा फॉर्म भरताना किशोर औषधे आणायला खाली गेला होता. सिस्टरने विचारले, "बाळाच्या आईचं नाव?" वत्सलाबाईने छाती फुगवून सांगितले, "संध्या किशोर उगले." जन्मदाखल्यावर तेच आले. तो दाखला घडी होऊन माझ्यात आला आणि सुवर्णाच्या गठ्ठ्यावर संध्या येऊन बसली. तेव्हा मलाही त्यात काही वावगे वाटले नाही.

वैष्णवी साडेतीन वर्षांची असताना तिची आई कॅनडाला गेली. आधी शिकायला, मग तिथल्या एका वृद्धाश्रमात नोकरीला. जाताना पासपोर्ट काढला तोही शिक्षणाच्या कागदांवरून, सुवर्णा नावाने. त्या वेळी पोलीस चौकशीला आले तेव्हा ती स्वतःच घरात होती. "मीच सुवर्णा," असे म्हणून तिने त्यांना चहा दिला होता. तिथे नोकरी लागली, की नवऱ्याला आणि लेकीला नेता येईल, असे ठरले होते. मधल्या काळासाठी किशोरने दोघांचा थोड्या दिवसांचा व्हिसा मागितला होता, पण तो नाकारला गेला. मग एकच वाट राहिली. तिथे कायम राहण्याची परवानगी मिळवायची. तिला सगळे पीआर म्हणतात. पीआर मिळाली की तिघे एकत्र, न मिळाली तर लेक इकडे आणि आई तिकडे.

रोज सकाळी साडेसातला, म्हणजे तिकडे रात्र पडल्यावर, आईचा फोन येई. वत्सलाबाई ओट्यावर मला पुढे ओढायची आणि माझ्या अंगाला टेकून मोबाइल उभा करायची. वैष्णवी समोर बसून दूध-पोळी खायची आणि आई तिला खाताना बघायची. माझी अक्षरे मोबाइलच्या पाठीला लागायची. हे काम मला फार आवडे. वैष्णवी मधूनच माझ्यावर चमचा वाजवायची आणि तिकडून आई म्हणायची, "अगं, त्याला लागतं." एवढ्यावर मी सगळ्या दिवसाचा काळेपणा विसरत असे.

अर्ज भरला तेव्हा वैष्णवी पाच वर्षांची होती. फॉर्ममध्ये एक प्रश्न होता : तुम्हाला कधी दुसऱ्या कोणत्या नावाने ओळखले जात होते का? किशोरने फोनवर विचारले. ती म्हणाली, "नाही म्हणून लिहिलं मी. दुसरं कुठलं नाव?" मित्रांनो, तिने खोटे सांगितले नाही. आपल्याकडे लग्नात नाव बदलणे म्हणजे दुसरे नाव घेणे असे कुणाला वाटतच नाही. ते नुसते सासरी येणे असते. दुसरे नाव चोर घेतात, बुवा घेतात. सुनेचे कसले दुसरे नाव?

आठ महिन्यांत होईल म्हणाले होते. आठ झाले, दहा झाले. संगणकावर रोज एकच ओळ दिसे, पार्श्वभूमीची तपासणी सुरू आहे. माणूस पूर्वी कसा होता, त्याने कुठे काही गुन्हा केला का, याची ती तपासणी. किशोर पिंपळगावच्या पॅकहाउसमध्ये द्राक्षांच्या पेट्यांवर देखरेख करायचा. जेवायच्या सुट्टीत तो ती ओळ बघायचा आणि घरी येऊन तोंड पाडून बसायचा. वत्सलाबाई म्हणायची, "सरकारी काम अन् सहा महिने थांब. तिकडचं सरकार बी सरकारच हाय की."

त्याच दिवसांत किशोरने आईला सांगून ठेवले होते, "आई, संध्याची चौकशी करायला पोलीस येईल. नीट सांग." वत्सलाबाईने तर तयारीच केली होती. संध्या किती गुणी, कुणाला उलट बोलली नाही, पहाटे उठून ड्युटीला जायची, हे सगळे तिने मनात जुळवून ठेवले होते.

हवालदार आले ते एका दुपारी. द्राक्षाचे घड औषधात बुडवायचे दिवस होते. मळ्यात दहा बायका कामाला होत्या आणि वत्सलाबाई त्यांच्या भाकरीच्या गडबडीत होती. हवालदारांनी दारातूनच कागद पाहून विचारले, "सुवर्णा भिकन खैरनार इथं राहतात का?"

वत्सलाबाईच्या हाताला पीठ होते. ती दारात गेली. "खैरनार इथं कोणी नाय. खैरनार सटाण्याकडचे. आम्ही उगले."

"सुवर्णा नावाची कोणी बाई?"

"सुवर्णा नाय. इथं संध्या हाय."

"बरं, मावशी." हवालदारांच्या हातात आणखी दहा-बारा कागद होते. त्यांनी काहीतरी लिहिले आणि गाडी चालू केली.

मी फळीवर होतो. माझ्या अंगावर ते नाव टपोऱ्या अक्षरांत घातलेले होते. माझ्या पोटात तिचे सगळे दाखले होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, ते मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिले. पण डब्याला झाकण असते, जीभ नसते. मी नुसता तापत राहिलो. वत्सलाबाईला तरी दोष कसा देऊ? तिच्या मते माहेरच्या नावाने पोलीस आला म्हणजे ते काम माहेरचे, त्याने माहेरी जावे. ती परत भाकरी थापायला बसली आणि संध्याकाळपर्यंत तो हवालदार विसरून गेली.

पाच महिन्यांनी तिकडच्या कार्यालयाचे पत्र आले. सकाळचा फोन आला, पण वैष्णवीला दूध-पोळी खाताना बघून आई हसली नाही. तिने किशोरला बोलावले. पत्रात दोन प्रश्न होते. मुलीच्या जन्मदाखल्यावर आईचे नाव संध्या आहे, मग अर्ज करणारी सुवर्णा कोण? आणि दुसरे, सुवर्णा नावाची कुणी व्यक्ती त्या पत्त्यावर राहत नाही, असा भारतातून अहवाल का आला? उत्तर समाधानकारक नसेल तर अर्ज फेटाळू, असे शेवटी लिहिले होते.

"कोण म्हणालं राहत नाही?" किशोर तिरीमिरीत बोलला. "गावात कोणाला विचारलं त्यांनी?"

वत्सलाबाई दूध गाळत होती. तिचा हात थांबला. गाळणी तशीच भांड्यावर राहिली आणि सायीचा थर जमायला लागला. मला कळले, तिला हवालदार आठवला. जन्मदाखल्याचा तो फॉर्मही आठवला असेल. दोन्ही ठिकाणी बोललेली तीच होती. पण ती नातीला भरवायला बसली.

मित्रांनो, यापुढची गोष्ट मी सांगू का नको, याचा मी बराच विचार केला. ज्या घराने मला पुसले, घासले, त्याची आतली गोष्ट बाहेर काढणे बरे नाही. पण तिच्यामुळेच मला वत्सलाबाई जास्त आवडू लागली, म्हणून सांगतो.

पुढचे काही महिने किशोरची धावाधाव चालली. नाशिकला कोर्टाजवळ वकिलाकडे प्रतिज्ञापत्र केले, लग्नाचा दाखला पुन्हा काढला, नव्याने चौकशी व्हावी म्हणून अर्ज दिला. आणि इकडे वैष्णवी वाढत होती. तिचे पुढचे दोन दात पडले. ती आजीच्या कुशीतच झोपायची. तिला आजीच्या हातची नागलीची भाकरी दुधात कुस्करून लागायची. एकदा शाळेतून येऊन तिने विचारले, "आजी, बाई म्हणाल्या आईचं नाव लिही. मी कुठलं लिहू? पप्पा संध्या म्हणतात, कागदावर सुवर्णा आहे. मला आया किती आहेत?"

"एकच हाय गं माझे बाय."

"मग ती येत का नाही?"

वत्सलाबाई म्हणाली, "तूच जाशील तिच्याकडं." आणि पदराने माझे झाकण पुसायला लागली. झाकण स्वच्छ होते. तरी ती बराच वेळ पुसत राहिली. मग वैष्णवी अंगणात खेळायला गेल्यावर ती हळूच माझ्याशी, म्हणजे स्वतःशीच, बोलली, "होऊ दे उशीर थोडा. तेवढीच राहील माझ्यापाशी."

मी ते ऐकले. आणि खरे सांगतो, मला तिचा राग आला नाही. नवरा गेलेला, एक मुलगा लहानपणी गेलेला, आणि आता परवानगी आली की दुसरा मुलगा आणि नात एकाच विमानात बसणार. त्या बाईला कागद लवकर यावा असे कसे वाटेल? पण रोज सकाळी साडेसातला मोबाइल माझ्या अंगाला टेकला की पलीकडची आईही मला ऐकू यायची. ती लेकीचे पडलेले दात मोबाइलवर बघत होती. दोघींची माया मी अंगावर घेत होतो आणि दोघींना एकच पोर हवे होते.

मग तो दिवस उजाडला. हवालदार पुन्हा आले. तेच. किशोर पॅकहाउसला होता, माल परदेशी जायचा हंगाम होता. वैष्णवीला शाळेला सुट्टी होती आणि ती ओसरीवर चित्र रंगवत होती.

"मावशी, तोच कागद परत आला बघा," हवालदार खाट ओढून बसत म्हणाले. "मागच्या टायमाला तुम्ही नाही म्हणाल्या, मी नाही लिहिलं. या टायमाला विचार करून सांगा. मुलगा घरात नसेल तर मी नंतर येतो. पण माझी बदली झालीये. पुढं नवीन माणूस येईल, त्याला कधी सवड होईल सांगता येत नाही."

मित्रांनो, काहीच करायचे नव्हते. खोटेही बोलायचे नव्हते. "मुलगा नाय घरी," एवढेच खरे बोलायचे होते. बदली झाली असती, कागद कुठल्या तरी टेबलावर राहिला असता, आणि तिकडे मुदत संपून अर्ज फेटाळला गेला असता. वैष्णवी इथेच राहिली असती. सगळे म्हणाले असते, नशीब.

"पाणी आणते," असे म्हणून वत्सलाबाई आत आली. पाणी काही तिने घेतले नाही. ती माझ्यासमोर उभी राहिली. ओसरीवरून वैष्णवीचा आवाज येत होता. ती हवालदारांना चित्र दाखवत होती. "ही मी, ही मम्मी, हे विमान. आजी बसली नाही अजून, तिची खिडकी रिकामी ठेवलीये."

वत्सलाबाईने मला दोन्ही हातांनी उचलले. इतकी वर्षे मला खूप हात लागले, पण तसे घट्ट कुणी धरले नव्हते. ती बाहेर गेली, मला हवालदारांच्या पुढे ठेवले आणि झाकण काढले.

"लिहा साहेब," ती म्हणाली. "सुवर्णा भिकन खैरनार. माझी सून हाय. याच घरातली. संध्या नाव मी ठेवलं, मला हौस म्हणून. तिनं नाय मागितलं. दवाखान्यात बी मीच ते नाव सांगितलं, तुम्हाला नाय बी मीच म्हणाले. काय दंड असंल तर माझ्या नावानं लावा. तिच्या नावाला डाग नको."

हवालदार थोडे गडबडले. "दंड कसला, मावशी. मीही दुसरा प्रश्न विचारायला पाहिजे होता." त्यांनी एकेक कागद काढून पाहिला, शेजारच्या कुसाबाईला आणि समोरच्या काळू मिस्त्रीला बोलावून त्यांच्या सह्या घेतल्या. कुसाबाई सही करताना म्हणाली, "अगं बया, आपल्या संध्याचं नाव सुवर्णा होतं व्हय? दहा वर्षं झाली, मला नाय माहीत." वत्सलाबाईने जबाबावर सही केली. ती दुसरीपर्यंत शिकलेली. एकेक अक्षर काढत बसली होती आणि हवालदार घड्याळ न बघता थांबले.

दुसऱ्या दिवशी साडेसातला फोन आला. किशोरला तिने रात्रीच सांगितले होते, आता सुनेला सांगायचे होते. वैष्णवीला तिने बाहेर पाठवले आणि स्वतः मोबाइलसमोर बसली.

"संध्या... नाय. सुवर्णा, ऐक. तो पोलीस आला होता ना पहिल्यांदा. त्याला मीच नाय म्हणाले होते. तुझं एक वर्ष माझ्यामुळं गेलं."

पलीकडून ती म्हणाली, "मला माहीत होतं, आई."

"कसं?"

"अहवालात लिहिलं होतं. घरातील वयस्कर महिलेने सांगितले. आपल्या घरात वयस्कर महिला एकच आहे."

"मग बोलली नाय कधी?"

"काय बोलू? माझं लेकरू तुमच्या कुशीत झोपत होतं. तुम्हाला अपराधी वाटलं असतं तर रोज तिला भरवताना तुमचा घास कडू झाला असता."

दोघी रडल्या. मी मध्ये होतो, एकीचे पाणी ओट्यावर पडत होते आणि दुसरीचे काचेत. मला दोघींना काही देता येत नव्हते. माझ्यात फक्त दोन जुन्या लवंगा आणि कागद होते.

त्यानंतर चार महिन्यांनी ती ओळ बदलली. तपासणी पूर्ण, पीआर मंजूर. किशोर पॅकहाउसमधून पेढे घेऊनच आला. वत्सलाबाईने सगळ्या गल्लीत ते स्वतः वाटले. कुणी म्हणाले, "आता एकटी पडशील की." ती म्हणाली, "पोर आईकडं चाललंय, वनवासाला नाय." बोलण्यात तिला कोणी हरवू शकत नाही, हे मी तुम्हाला सांगितलेच नव्हते.

निघायच्या आदल्या दिवशी किशोरने माझ्यातले कागद काढून एका प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये भरले. माझे वजन पावणेदोन किलो. विमानात वजनाची मोजदाद असते, त्यामुळे मला नेणे शक्य नव्हते. पहाटे गाडी आली. वैष्णवी आजीच्या गळ्याला मिठी मारून सोडेना. वत्सलाबाईने तिची बोटे एकेक करून सोडवली, तिला गाडीत बसवले आणि दार स्वतः लावले. गाडी वळणावर गेली तरी ती हात वर धरून उभी होती.

त्यानंतर मी सहा महिने रिकामा होतो. मला कुणी घासले नाही. माझ्या तळाला हिरवट डाग आले. वत्सलाबाई एकटीपुरता भात लावायची आणि ओट्याकडे फार बघायची नाही. मी तिच्यावर रुसलो नाही. माणसाला घासायला कुणी नसते, तेव्हा भांड्यांनी तक्रार करू नये.

फोन मात्र येत होता. सकाळी साडेसातलाच, आता तिकडे तिघे एकत्र बसलेले असत. परवाच्या रविवारी वैष्णवी वही घेऊन बसली होती. तिकडच्या शाळेत बाईंनी घरातल्या सगळ्यांची माहिती लिहून आणायला सांगितली होती.

"आजी, मी मम्मीची दोन्ही नावं लिहिली," ती म्हणाली. "आता तू सांग. तुझं आधीचं नाव काय होतं?"

"माझं? वत्सला."

"ते आत्ताचं. लग्नाच्या आधीचं?"

पडद्यावर किशोर हसत म्हणाला, "अगं, आईचं हेच नाव आहे. माझा मामासुद्धा तिला आक्का म्हणतो." आणि मग त्याचे हसू हळूहळू गेले, कारण आई हसत नव्हती. मीसुद्धा अकरा वर्षे या घरात आहे. सटाण्याच्या मुलीचे जुने नाव मी अंगावर वागवले, पण या बाईलाही एक जुने नाव असेल, असे मलाही कधी वाटले नाही. मला स्वतःची लाज वाटली.

तिने पदराने तोंड पुसले. बेचाळीस वर्षांत ज्या नावाने तिला कुणी हाक मारली नव्हती, ते नाव तिला आठवते की नाही, असे वाटण्याइतका वेळ गेला.

"मालन," ती म्हणाली. "मालन होतं माझं नाव. माझ्या बापानं ठेवलं होतं."

"मालन," वैष्णवीने अक्षरे लावत लिहिले, आणि मान वर करून हाक मारली, "मालनआजी!"

वत्सलाबाईने "ओ" दिली. एवढी मोठी दिली की शेजारच्या कुसाबाईने दारातून डोकावून पाहिले.

मित्रांनो, माझ्यासारखी भांडी घासायला विसरलात तर आम्ही काळी पडतो, पण चिंच लावली की पुन्हा चकाकतो. माणसांची नावे आम्हा भांड्यांसारखी टिकाऊ नसतात. कुणी हाक मारली नाही तर ती विझून जातात, आणि कधीतरी पोलीस दारात येऊन विचारतात तेव्हा घरातलेच माणूस "इथं नाय" म्हणते. म्हणून माझी एक विनंती आहे. आज घरी गेलात की आईजवळ बसा, आजीजवळ बसा, आणि तिचे पहिले नाव विचारा. ती आधी म्हणेल, जाऊ दे रे, आता काय करायचंय त्याचं. तुम्ही जाऊ देऊ नका. नाव कळले की एकदा मोठ्याने हाक मारा, आणि ती काय उत्तर देते ते नीट ऐका.